पहिल्या पानावरचा डिंक

बावडेकर सरांनी दाढीच्या ब्लेडनं माझा फोटो अल्बमच्या पहिल्या पानावरून सोडवला, तेव्हा मी समोरच उभी होते. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी चारही कोपरे हलक्या हातानं उचलले, मधला भाग फुंकर मारून सोडवला आणि फोटो माझ्या हातात दिला.

"धर. नीट ठेव. नंतर मागच्या पानावर कुठंतरी लावू."

मग त्यांनी पाकिटातून दुसरा फोटो काढला. एक काटकुळी, सावळी मुलगी हवेत होती. डावा पाय कमरेच्या वर, वेणी तोंडावर आलेली, आणि चेंडू फोटोच्या कडेपर्यंत पोचलेला. सरांनी मागं डिंक लावून तो फोटो माझ्याच जागेवर दाबला. तो माझ्या फोटोपेक्षा जरा लहान होता, त्यामुळं चारी बाजूंनी जुन्या डिंकाची पिवळी चौकट दिसत राहिली.

"ही कोण, सर?"

"रेणुका हत्तरकी. गडहिंग्लजच्या पुढं नदीकाठी एक वाडी आहे, तिथली. शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत चार सामन्यांत अकरा गोल मारलेत. उद्या सकाळी सहाच्या एसटीनं आपण तिच्या घरी जातोय. तुलाही यायचंय."

मी 'हो सर' म्हटलं, पण माझं लक्ष त्या पिवळ्या चौकटीकडं होतं.

त्याचं कारण सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी हाच अल्बम घेऊन कॉलेजच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक बावडेकर सर आमच्या घरी आले होते. मी तेव्हा बारावीला होते. सरांनी अल्बम बाबांच्या मांडीवर ठेवला, बाबांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांना मी दिसले. चषक, हारतुरे, पेपरातली कात्रणं सगळं मागं, आणि सगळ्यांच्या आधी त्यांची पोरगी. बाबांचे डोळे भरले. उठून शर्ट घातला आणि कोपऱ्यावरून पेढे घेऊन आले. कोल्हापूरच्या कमलादेवी महिला महाविद्यालयात माझा प्रवेश त्या पेढ्यांनीच पक्का झाला. तीन वर्षं मी समजून होते की सरांनी ते पान माझ्यासाठी राखलं होतं.

त्या दिवशी कळलं की ती त्यांची पद्धत होती. ज्या पोरीच्या घरी जायचं, तिचा फोटो पहिल्या पानावर. माझ्या आधी तिथं कुणी होतं आणि आता माझ्यानंतरही कुणी होतं. मी फोटो वहीत ठेवला आणि घरी जाऊन जेवले नाही. आईला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. मे महिना होता, हॉस्टेल सुट्टीमुळं बंद होतं.

रेणुकाचा बारावीचा निकाल अजून लागायचा होता. पण निकालाची वाट बघत बसलं तर दुसरी कॉलेजं चांगल्या पोरी पळवतात, असं सरांचं म्हणणं. म्हणून दर मे महिन्यात अल्बम पिशवीत घालून ते गावोगाव फिरायचे, आणि संघाच्या कप्तानाला बरोबर न्यायचे. बाहेर वडिलांशी ते बोलणार आणि आत आईशी कप्तान. "पोरीचा निर्णय बाहेर सोप्यात, बापापुढं होत नाही," ते म्हणायचे, "आत चुलीपाशी होतो. तिथं मला कोण बसवणार?"

त्या वर्षी कप्तान मी होते.

एसटीत सर खिडकीशी बसले. कागल गेल्यावर ते म्हणाले, "ही रेणुका आली की तुला मागं खेळवायचा विचार आहे. अंगानं भक्कम आहेस, चेंडू हिसकावून घेतेस. बचावाला तुझ्यासारखी दुसरी नाही."

"मग नऊ नंबर?"

"बघू."

सर 'बघू' म्हणाले की ते बघून झालेलं असायचं. मी पुढच्या सीटच्या दांड्याला धरून बसले. नऊ नंबर म्हणजे मधली आघाडीची खेळाडू, गोल मारणारी. विद्यापीठाच्या संघात मी दोन वर्षं राखीव होते, म्हणजे ट्रॅकसूट घालून बाकावर बसले होते. पदवी झाली होती, पण खेळासाठी मी आणखी एकच वर्ष कॉलेजात काढणार होते; पुढचं वर्ष माझं शेवटचं. निवड समितीतल्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "इंगवले, यंदा तुझ्या पुढच्या सगळ्या पास होऊन गेल्या, आता जागा तुझीच." विद्यापीठाकडून मैदानात उतरल्याचं प्रमाणपत्र मिळालं की पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येणार होता. माझं पुढचं सगळं आयुष्य मी त्या एका कागदावर मांडून ठेवलं होतं. आणि आता ती जागा जिला द्यायची, तिला आणायला मीच निघाले होते. वर तिच्या आईला पटवायचं कामही माझंच.

वाडीत पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. नदीकडच्या कापणी झालेल्या रानात पोरं खेळत होती. आठ-दहा मुलगे आणि एकच मुलगी, अनवाणी. फोटोतली वेणी मी लगेच ओळखली.

सर बांधावर थांबले. थोडा वेळ बघून हळूच म्हणाले, "संपदा, जरा उतर की खाली. बघू तिला तुझ्यापुढं काय जमतंय."

मी पायात बूट घालूनच आले होते. ती माझ्याकडं बघून हसली. "ताई, कोल्हापूरच्या न्हवं तुम्ही? मी तुमचा फोटो पेपरात बघितलो हुतो." आमच्या भागात मुलीसुद्धा 'आलो, गेलो, बघितलो' म्हणतात. मीही घरी तसंच बोलायचे, सरांसमोर तेवढी जीभ सांभाळायचे.

चेंडू तिच्याकडं होता. मी तिच्यासमोर उभी राहिले, गुडघे वाकवून, व्यवस्थित. ती उजवीकडं झुकली म्हणून मी उजवीकडं सरकले, आणि चेंडू माझ्या दोन पायांच्या मधून निघून गेला. मी वळेपर्यंत तिनं डाव्या पायानं तो दगडांच्या दोन ढिगांमधून पार केलाही होता. पोरं ओरडली. मी म्हटलं, "परत." दुसऱ्यांदा मी पाय मिटून उभी राहिले, तर ती बाहेरून गेली. तिसऱ्यांदा मी सरळ तिच्या पायावर पाय घातला. बुटाचा पाय, अनवाणी पायावर. ती पडली, उठली, घोटा चोळला आणि म्हणाली, "काय न्हाई ताई, चालतंय. खेळात लागतंच."

मला तिचा भयंकर राग आला. ती वाईट खेळली असती तर मी तिच्यावर माया केली असती. उद्धट असती तरी चाललं असतं. तिच्यात नावं ठेवायला काहीच सापडेना, म्हणूनच माझी आग आग होत होती. बांधावर सर उभे होते, आणि त्यांच्या तोंडावरचं ते हसू मी तीन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

हत्तरकींच्या घराच्या आधी ठसका आला. रेणुकाची आई, पारव्वा, घरीच मिरची कांडायचं मशीन चालवत होती. लाल तिखटाला आमच्याकडं चटणी म्हणतात, आणि मे महिना हा वर्षाची चटणी करून ठेवण्याचा महिना. अंगणात मिरच्यांचे लाल ढीग, दारात डबे घेऊन बसलेल्या बायका, आत मशीनची धडधड. सरांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि त्यांना असा खोकला लागला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रेणुकाच्या वडिलांनी त्यांना धरून लांब चिंचेखाली बाजेवर नेऊन बसवलं.

"हत्तरकी, अल्बम..." सर खोकत म्हणाले.

"मला कशाला दाखवताय मास्तर?" वडील म्हणाले. "तिला दाखवा. पोरीचं सगळं तीच बघती. मी साखर कारखान्यावरचा माणूस, मला पाळी सोडून काय कळत न्हाई."

म्हणून अल्बम माझ्या हातात आला आणि मी आत गेले.

पारव्वांनी मशीन बंद केलं. बुटकी, रुंद बाई. पदर नाकावरून बांधलेला, वर फक्त डोळे. पोत्यावर जागा करून दिली आणि माझ्यासमोर मिरच्यांची पाटी सरकवली.

"बस पोरी. बोल तू, पर हात रिकामा ठेवू नको. देठं खुडत बोल."

मी देठं खुडायला लागले. समोरच्या खुंटीवर दोन कापडी बॅगा लटकत होत्या, दोन वेगळ्या कॉलेजांची नावं छापलेल्या. दोन्ही मिरच्यांनी भरलेल्या होत्या.

"काल एक मास्तर येऊन गेला, परवा दोघं आले हुते," पारव्वा म्हणाल्या. "गाडी घेऊन. सगळे म्हणत्यात, तुमची पोरगी म्हंजे हिरा. आता मला सांग, मी मिरची इकतो. बाजारात बसलेली कोण बाई म्हणंल, माझी मिरची फिक्की हाय म्हणून? मास्तर लोकास्नी पोरी पायजेत, मग ते चांगलंच म्हणणार. मला त्या चेंडूतलं काय कळत न्हाई. खेळताना बघितलं तर ही पळती एवढंच दिसतं. गावातली बाकीची पोरंबी पळत्यातच की."

मग त्यांनी हात पुसून अल्बम मांडीवर घेतला आणि पहिलं पान उघडलं. मला बाबा आठवले. मी वाट बघत होते, आता यांचे डोळे भरणार.

त्यांचे डोळे भरले नाहीत. त्यांनी फोटोवरून एकदा बोट फिरवलं, मग फोटोबाहेरच्या पिवळ्या चौकटीवर नख घासलं.

"हितं आदी कोण हुतं?"

मी देठ खुडत राहिले.

"हितं डिंक हाय. मोठा फोटो हुता आदी. कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नाकावर पदर असल्यामुळं त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, पण माझं त्यांना सगळं दिसत होतं. "व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. "मग सांग की तुजं कॉलेज कसं हाय ते."

सर बाहेर लांब होते. रेणुका पाणी आणायला गेली होती. मला काय सांगायला आणलं होतं ते मला पाठ होतं: हॉस्टेलच्या बाई कडक आहेत, रोज दूध-केळी मिळतात, अभ्यास बुडत नाही, मुली नावारूपाला येतात. त्यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

"मावशी, खरं सांगू?" मी म्हटलं. "मैदानावर खडे आहेत. पडलं की कोपरं सोलून निघतात, वण जात नाहीत. बघायला येणारी माणसं विचारतात, हे कशाचं? हॉस्टेलची भाजी पाण्यासारखी. माझा हा गुडघा बघा, थंडीत वर उचलत नाही. तीन वर्षं खेळले, विद्यापीठात दोन वर्षं नुसती बाकावर बसले. गोल मारले की पेपरात नाव, नाही मारले की कोण ओळखत नाही."

"आनी?"

"आणि लांब आहे. आजारी पडली तर तुम्हाला कळायला दोन दिवस जातील."

"आनी?"

यात खोटं काही नव्हतं. प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि एकेक सांगताना मला बरं वाटत होतं, जसं दुखऱ्या दातावर जीभ दाबताना वाटतं तसं. रेणुका पाणी घेऊन आत आली आणि दाराशीच उभी राहिली. ती ऐकत होती. मी थांबले नाही.

मग पारव्वांनी विचारलं, "आनी ह्यो मास्तर? माणूस कसा हाय?"

बावडेकर सर म्हणजे देवमाणूस. स्पर्धेला गेलो की मुलींच्या खोलीच्या मजल्यावरही पाऊल टाकायचे नाहीत, जिन्यात उभं राहून हाका मारायचे. माझा गुडघा सुजला तेव्हा स्वतःच्या स्कूटरवरून रोज हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचे, बरोबर त्यांच्या बायकोलाही घेऊन यायचे, कुणी काही बोलू नये म्हणून. हे सगळं मला एका वाक्यात सांगता आलं असतं. चांगला आहे, एवढं म्हटलं तरी पुरलं असतं.

मी मान खाली घातली आणि गप्प बसले.

परक्या गावात पोर पाठवणाऱ्या आईला अशा गप्प बसण्याचा अर्थ काय लागतो, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी गप्प बसले. खुडलेलं देठ हातात तसंच होतं. कधी तरी तोच हात डोळ्याला लागला आणि डोळ्यांची आग झाली. पाणी वाहायला लागलं. पारव्वांनी रेणुकाच्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतःच्या हातानं माझे डोळे धुतले.

"मग तू तीन वर्सं कशापायी ऱ्हायलीस तितं?" माझ्या डोळ्यांवर पाणी मारता मारता त्यांनी विचारलं.

मी बाहीनं तोंड पुसलं.

निघताना त्यांनी अल्बम परत दिला, आणि जुन्या पेपरात बांधलेली चटणीची पुडी माझ्या हातात ठेवली. सरांना काही दिलं नाही. बाहेर येऊन सरांना एवढंच म्हणाल्या, "कळवतो."

परतीच्या एसटीत सर म्हणाले, "काय वाटतं? येईल?"

"नाही वाटत सर. आई तयार नाही."

सरांनी अल्बम पिशवीत घातला. "अशी खेळाडू वीस वर्षांत बघितली नव्हती," ते म्हणाले. मी चटणीची पुडी घट्ट धरून बसले होते. मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी आनंदात होते, संकेश्वर येईपर्यंत तरी.

जूनच्या अखेरीला मी जिमखान्यात गेले तर दारात एक पत्र्याची ट्रंक होती, आणि ट्रंकेवर रेणुका बसली होती.

"आलो ताई," ती म्हणाली. "आई म्हटली, जा. त्या तिन्हीतलं कुठलं कॉलेज म्हणून इचारलो, तर म्हटली, त्या पोरीच्या कॉलेजात जा. देठं खुडत बसली हुती, तिच्या."

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ! आणि म्हणते आई तयार नाही!" त्यानंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की हत्तरकीची पोरगी इंगवलेमुळं मिळाली, हिच्या बोलण्यात काही आहे. पुढच्या मे महिन्यात, माझं कॉलेज संपल्यावरही, त्यांनी मला आणखी दोन घरी नेलं. दोन्हीकडं मी हॉस्टेलची भाजी चांगली असते असं सांगितलं, आणि दोन्ही पोरी आल्या नाहीत.

नऊ नंबर रेणुकाला मिळाला. मी मागं खेळले. सप्टेंबरात विद्यापीठाच्या संघाची यादी भिंतीवर लागली, तिच्यात रेणुकाचं नाव वरून दुसरं होतं आणि माझं खालून पहिलं, कंसात 'राखीव'. त्या वर्षीही मी बाकावरच बसले. पोलीस भरतीचा अर्ज भरलाच नाही. बीपीएड केलं आणि कागलजवळच्या एका शाळेत खेळाची बाई झाले. रेणुका राज्याच्या संघाकडून खेळली, रेल्वेत लागली. तिचे सामने कधी टीव्हीवर लागायचे. मी पाच मिनिटं बघून उठायचे. पेपरात तिचा फोटो आला की तो पेपर रद्दीत सगळ्यात खाली घालायचे. अशी ही माझी तेरा वर्षं.

आणि दरवर्षी मे महिन्यात चटणीची पुडी यायची. कधी रेणुका घेऊन यायची, कधी एसटीच्या कंडक्टरबरोबर. "आईनं दिलंय, संपदाताईला म्हणून." त्या बाईला वाटतं की मी एकटी खरं बोलले, असं मी समजत होते. दर वर्षी ती चटणी आमटीत पडायची, आणि दर वर्षी मला ते गप्प बसणं आठवायचं. सर मधल्या काळात वारले. त्यांना मी कधीच सांगितलं नाही.

तेराव्या वर्षी रेणुकाचा फोन आला. ती खेळणं थांबवणार होती. गडहिंग्लजच्या मैदानावर शेवटचा सामना ठेवला होता.

"ताई, तुम्ही यायचंच. आईनं तुमची खुर्ची धरून ठेवलीय. म्हणती, ती आली न्हाई तर मीबी येत न्हाई."

मी गेले. पारव्वा पहिल्या रांगेत होत्या, केस पांढरे झालेले, आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी खरंच पिशवी ठेवून ती अडवली होती. मी बसले. सामना सुरू व्हायला वेळ होता. तेरा वर्षांचं ओझं एकदा टाकून द्यावं असं मला वाटलं.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही दरवर्षी चटणी पाठवता, पण त्या दिवशी मी तुम्हाला..."

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "जळत हुतीस."

मी खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"तू ते खड्याचं, गुडघ्याचं सांगितलंस, तवा म्हटलं, बरं, खरं बोलती पोरगी. मग मास्तरचं इचारलो आनी तू गप्प बसलीस. तवा जीव घाबरला माजा. रात्रभर इचार केला." त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "मास्तर वंगाळ असता तर तू माज्या पोरीला वाचवायला बोलली असतीस. वाचवणारं माणूस पोरीकडं बगून बोलतंय. ती दारात हुबी हुती आनी तू तिच्याकडं एकदाबी बगितलं न्हाईस. मग कळलं, हिला मास्तरचं काय न्हाई. हिला माज्या पोरीचं दुकतंय."

"आणि तरी तिला पाठवलंत?"

"तरी कशाला? त्येच्याचसाठी पाठवलो." त्या हसल्या. "तीन मास्तर हिरा हिरा म्हणून गेले. त्यांचं काय खरं? फोटोखाली डिंक हुता, म्हंजे ते पान सगळ्यांचंच. मला कसं कळावं पोरगी खरंच खेळती का नुसती पळती? मिरची चांगली हाय का हे इकणाऱ्याला इचारून कळत न्हाई, पोरी. शेजारी कोण खोकतंय ते बगायचं. तू कप्तान, तीन वर्सं खेळलेली, आनी तुजं तोंड असं झालं हुतं. म्हटलं, मग पोरीत कायतरी हाय."

मला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग हसूही आलं. तेवढ्यात शिट्टी वाजली.

मी रेणुकाचा एकही सामना शेवटपर्यंत बघितला नव्हता. तो बघितला. एकतिशीची बाई, एक गुडघा पट्टीत बांधलेला, थोडी जाड झालेली. पहिल्या अर्ध्या तासात ती फारशी पळालीही नाही. मग मध्यावर तिला चेंडू मिळाला आणि समोरची पोरगी गुडघे वाकवून, व्यवस्थित, तिच्यासमोर उभी राहिली. काय होणार ते मला माहीत होतं. रेणुका उजवीकडं झुकली, पोरगी उजवीकडं सरकली, चेंडू तिच्या पायांमधून निघाला, आणि पुढच्याच पावलाला डावा पाय कमरेच्या वर गेला. जाळं हललं तेव्हाच मला कळलं की गोल झाला. सगळं मैदान उठून उभं राहिलं.

मी उठले नाही. अगदी तश्शीच आग आग झाली, नदीकाठच्या रानात झाली होती तशी. तेरा वर्षांत त्यातलं काही म्हणजे काहीच कमी झालेलं नव्हतं.

सगळे मैदानाकडं बघत ओरडत होते. मी शेजारी वळले. पारव्वा बसूनच होत्या. त्यांनी मैदानाकडं पाठ केली होती आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, लक्ष देऊन, बहुधा सामना सुरू झाल्यापासून.

"लई चांगला मारला न्हवं?" त्यांनी विचारलं.

आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या वाजवायला लागल्या.